सिलाबाचे घर आणि दक्षिणेची खिडकी

माझ्या वडिलांनी बांधलेल्या घराला खिडकी नव्हती. मिरजगावात, नगर-सोलापूर रस्त्यापासून आत, वस्तीच्या अगदी कडेला ते घर होते. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले धोंडे, आणि मोठ्या माणसाला वाकून आत जावे लागेल एवढेच दार. लहानपणी मला वाटे, खिडकी नाही कारण पैसे नाहीत. पुढे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, पदार्थविज्ञान शिकलो, ते महाविद्यालयात शिकवू लागलो. एकदा सहज आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आरं, भिताडात भोक ठिवायला काय पैसं लागत्यात व्हय? कुणी ठिवीतच नव्हतं."

कुणी ठेवीतच नव्हते, या तिच्या तीन शब्दांत बराच इतिहास आहे. बाबासाहेबांनी खेड्यातल्या अस्पृश्यांच्या जिण्याविषयी लिहिताना, अस्पृश्याने केल्यास गुन्हा ठरतील अशा गोष्टींची यादी दिली आहे. कौलारू छपराचे घर बांधणे हा त्या यादीतला एक गुन्हा आहे. घराची उंचीही त्याला ठरवून दिलेली होती, आणि वस्तीची दिशाही. दक्षिण ही सर्वांत अशुभ दिशा, म्हणून ती त्याची. म्हणजे छप्पर कशाचे असावे, भिंत किती उंच असावी आणि दाराने कोणीकडे तोंड करावे हे ठरवण्याचा हक्क ज्यांना नव्हता, त्यांची मुले आज घरकुलाचा आराखडा हातात घेऊन गवंड्यापुढे उभी आहेत. या त्रैमासिकात कविता आणि कथांच्या शेजारी सिमेंट-वाळूचा विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि हेही आठवावे की दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० नंतरच्या दशकात राजगृह उभे राहिले, तेव्हा पुस्तके कुठे राहतील याचा विचार स्वतः बाबासाहेबांनी केला होता. घर बांधणे हा त्यांना क्षुल्लक विषय वाटला नव्हता.

२०१४ साली माझ्या थोरल्या भावाला रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले. ही योजना महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी सुरू केली. त्याआधी १९८५ पासून इंदिरा आवास होती, २०१६ पासून पंतप्रधान आवास आली. नावे बदलली, घर साधारण तेच राहिले: २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. खोली, स्वयंपाकाची जागा, वर स्लॅब. आमच्याकडे त्याला सिलाब म्हणतात. "सिलाबाचं घर झालं" हे वाक्य वस्तीत ज्या आवाजात उच्चारले जाते, तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला या छपराचे मोल कळणार नाही. स्लॅब पडला त्या दिवशी आईने बिगाऱ्यांना लापशी खाऊ घातली.

त्याच घरात ती उन्हाळ्यात झोपू शकत नाही. मार्च संपला की तिची बाज अंगणात येते. मागच्या वर्षी मे महिन्यात पायाला लागल्यामुळे तिला चार रात्री आत झोपावे लागले. पाचव्या दिवशी सकाळी ती उठेना. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध. दवाखान्यात सलाइन लावले तेव्हा ती माणसात आली. डॉक्टर म्हणाले, उष्माघाताच्या उंबरठ्यावर होती. ती उन्हात गेली नव्हती. ती आपल्या पक्क्या घरात, पंख्याखाली, निजली होती.

तेव्हापासून मी या घराचा अभ्यास करू लागलो.

आधी एक वाद निकालात काढतो. शहरातील काही सुशिक्षित माणसे, त्यात चांगले वास्तुविशारदही आहेत, सांगतात की काँक्रीट सोडा, मातीकडे परत चला. मातीचे घर थंड असते, हे खरे आहे. जाड मातीची भिंत आणि धाब्याचे छप्पर उष्णता आत सोडत नाही. परंतु मातीच्या घराला दरवर्षी जे काम लागते ते कोण करते, हा प्रश्न ही मंडळी विचारत नाहीत. मृगाच्या आधी धाब्यावर पांढरी माती टाकायची, ती चोपायची, भिंतीचे पोपडे लिंपायचे, आठ दिवसांनी जमीन सारवायची. हे सारे काम बायकांच्या डोक्यावरून आणि हातांतून होते. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपून आलेल्या बाईला ते फुकटात करावे लागते. हौसेने मातीचे घर बांधणाऱ्याच्या घरी लिंपायला मजूर येतो. आमच्या घरी आई होती.

दुसरे, माती आणि दगड यांनी काय होते ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यांनी पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारी-सास्तूर परिसरात, भूकंप झाला. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने तो मध्यम प्रतीचा, सव्वासहाच्या आसपासचा. तोपर्यंत भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. तरी आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांना मारले ते घरांनी. दोन-तीन फूट जाडीची भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण आत ती दोन वेगळ्या पाळ्यांची होती, मध्ये दगडगोटे आणि माती भरलेली. दोन्ही पाळ्यांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादऱ्यासरशी भिंत दोन्हीकडे फुटली आणि वरचे माळवद खाली आले. २५ चौरस मीटरच्या धाब्यावर दीड फूट माती असेल तर तिचे वजन सुमारे १८ टन भरते. तेवढ्याच जागेवरचा चार इंची स्लॅब सहा टनांच्या घरात जातो. गवताच्या आणि हलक्या छपराच्या झोपड्या मात्र बऱ्याचशा उभ्या राहिल्या. मोठ्या वाड्यांनी माणसे गाडली आणि खोपटांनी वाचवली, असा तो उलटा दिवस होता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की स्लॅब सोडू नये. ज्या छपराला बंदी होती ते डोक्यावर आले आहे, आणि वाकून आत जाणारी पिढी आता ताठ आत जाते. हे परत द्यायचे कारण नाही. पण स्लॅब टाकला म्हणजे घर झाले, ही समजूतही सोडावी लागेल. उन्हाला आपला इतिहास माहीत नाही.

ऊन घरात कोठून येते? आपण खिडकीतून येते म्हणून खिडक्या लहान ठेवतो. प्रत्यक्षात आपल्यासारख्या एकमजली, बसक्या घरात सर्वांत जास्त ऊन छपरातून येते. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत सूर्य ज्याच्यावर अखंड असतो असा घराचा एकच पृष्ठभाग आहे, तो म्हणजे स्लॅब. काँक्रीट उष्णता पटकन सोडत नाही, साठवते. दुपारचे ऊन चार-पाच इंच जाडीतून खाली उतरायला तीन-चार तास घेते. म्हणून दुपारी बारा वाजता घर बरे वाटते आणि रात्री नऊ वाजता भट्टी होते. पत्र्याचे उलटे आहे. पत्रा दुपारी जाळतो, पण सूर्य मावळला की तासाभरात निवतो. आमची आई म्हणते, पत्रा तोंडावर बोलतो आणि सिलाब रात्री डोक्यात घालतो. पंखा अशा वेळी तीच गरम हवा अंगावर फेकतो.

यावर सर्वांत स्वस्त उपाय चुना आहे. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परत पाठवतो, काळपट सिमेंट ते पिते. अहमदाबाद शहराने २०१० सालच्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती-आराखडा केला आणि पुढे झोपडवस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रमही घेतला. अशा छपराखाली घराच्या आतले तापमान दोन ते पाच अंशांनी उतरते असा अनुभव सांगितला जातो. मी स्वतः प्रयोगशाळेतला तापमापक घेऊन भावाचे चुना लावलेले घर आणि शेजारचे तसेच, पण न लावलेले घर, पाच रात्री मोजले. स्लॅबच्या खालच्या अंगाला रात्री नऊ वाजता तीन-चार अंशांचा फरक राहिला. ऐकायला ही संख्या किरकोळ वाटते. साठी ओलांडलेल्या बाईच्या शरीराला ती किरकोळ नसते.

पद्धत सांगतो, कारण ती चुकली तर चुना पहिल्या वाऱ्याने उडतो. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवावा. भिजवताना पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो उकळून उसळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. मुले दूर ठेवावीत, डोळ्यांना चष्मा आणि हाताला फडके असावे. सकाळी तो निवळ जाळीतून गाळून त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल घालावा. काही जुने रंगारी मीठ घालतात. भिंतीवर चालेल, स्लॅबवर नको, मीठ झिरपून आतली सळई खाते. स्लॅब झाडून, धुऊन, ओलसर असताना सकाळच्या उन्हात दोन हात द्यावेत. एक आडवा, एक उभा. पावसाने तो धुपतो, म्हणून दरवर्षी होळीच्या पुढच्या आठवड्यात हे काम करावे. स्लॅब नवीनच पडत असेल आणि हातात थोडे पैसे असतील, तर वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, उतार धरून, करून घ्यावा. तो पाणीही अडवतो आणि ऊनही. तुराट्या किंवा उसाचे पाचट स्लॅबवर पसरण्याची एक रीत आहे. घर थंड राहते, पण दिवाळीतला एक फटाका पुरे होतो. मी ती कुणाला सांगत नाही.

छपरानंतर भिंती. आणि येथे मला दक्षिणेविषयी बोलायचे आहे.

मिरजगाव एकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो, आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो भर दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वांत वाईट दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. एप्रिलमध्ये जे पडते ते इतके उभे असते की खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला तर काचेला शिवत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा तेच ऊन त्याच खिडकीतून आत येऊन जमीन उबदार करते. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, दोन्ही फुकट देणारी ही एकच दिशा आहे. छळते ती पश्चिम. दुपारी तीन ते सहा सूर्य समोर आडवा येतो, हवा आधीच तापलेली असते, आणि छज्ज्याचा काही उपयोग होत नाही. पश्चिमेच्या भिंतीला पडवी काढावी, न्हाणीघर किंवा सामानाची खोली त्या बाजूस ठेवावी, नाहीतर सहा-सात हातांवर कडुनिंब लावावा. शेवगा लवकर वाढतो, पण त्याची सावली विरळ आणि फांदी ठिसूळ.

आपल्या माणसांना दक्षिण दिली ती यमाची दिशा म्हणून. आज आपल्यातलाच शिकलेला नोकरदार, घर बांधताना, वास्तुशास्त्राचे पुस्तक पाहून दक्षिणेचे दार बुजवतो आणि पश्चिमेला मोठी काच बसवतो. ज्या शास्त्राने आपल्या आज्याला अशुभ ठरवले त्याचीच दक्षिणा देऊन आपण घरात भट्टी विकत घेतो. या विषयावर मी विद्यार्थ्यांशी भांडतो. ते हसतात, आणि पुढच्या वर्षी घर बांधताना पंचांग पाहतात.

खिडकी एक असून भागत नाही. वारा आत यायला एक वाट आणि बाहेर जायला समोर दुसरी वाट हवी. पैसा कमी असेल तर दुसरी खिडकी लहान चालेल, पण ती समोरच्या भिंतीत आणि शक्यतो उंच असावी. गरम हवा वर जाते. छताखाली हातभर झरोका ठेवला तर रात्री घर लवकर निवते. भिंतीची उंची दहा फुटांखाली आणू नये. ठेकेदार नऊ करतो आणि वीट वाचवतो.

आमच्याकडच्या ठेकेदाराने आणखी बरेच वाचवले. योजनेच्या नियमाप्रमाणे लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचे असते. भाऊ रोजंदारीवर जाणारा. चार महिने काम सोडून घरापाशी उभे राहणे त्याला परवडणार नव्हते, म्हणून त्याने ते अंगावर देऊन टाकले. मी तेव्हा दुसऱ्या गावी तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि रविवारी येऊन मोठ्या माणसासारखा मान हलवून जात होतो. काय पाहायचे हे मला ठाऊक नव्हते. पदार्थविज्ञानाचा पदव्युत्तर विद्यार्थी, आणि सिमेंटमध्ये पाणी किती घालतात हे मला माहीत नव्हते.

ते आता सांगतो. ५० किलोच्या एका गोणीला सगळे मिळून ३० लिटरच्या आत पाणी. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जास्त पाण्याने माल सहज पसरतो, बिगाऱ्याला सोपे जाते, म्हणून नळी सोडून दिली जाते. ते जादा पाणी पुढे उडून जाते आणि जागोजाग सूक्ष्म छिद्रे ठेवते. त्या छिद्रांतून पावसाचे पाणी सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजली की फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलते. आमच्या घरात दहा वर्षांत आईच्या बाजेवरचा पोपडा पडला, तो याच कारणाने. सुदैवाने ती अंगणात होती. म्हणून सळईखाली पाऊण ते एक इंच काँक्रीट राहील असे सिमेंटचे ठोकळे ठेवून घ्यावेत. गवंडी खडीचा तुकडा सरकवतो आणि जाळीवर पाय पडला की तो निसटतो. स्लॅबच्या दिवशी घरातल्या एका माणसाने फक्त हे ठोकळे पाहत उभे राहावे. ज्याला हे काम द्याल तो शिकलेला असायची गरज नाही, चिवट असावा.

यापुढची गोष्ट पाण्याची आहे, आणि ती आमच्या तालुक्यात सर्वांत अवघड. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होते. किमान सात दिवस, आणि उन्हाळा असेल किंवा हल्ली मिळते तसे राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस, स्लॅबवर मातीची आळी करून पाणी उभे ठेवावे लागते. हिशेब करून पाहा. २५ चौरस मीटरवर दीड इंच पाणी म्हणजे सुमारे हजार लिटर. उन्हाने रोज उडणारे भरून काढायला दीडशे-दोनशे लिटर. टंचाईत टँकरचे पाणी वाटताना माणशी २० लिटर धरतात. सहा माणसांच्या कुटुंबाला १२० लिटर मिळतात आणि त्यांच्या छपरालाच रोज त्याहून जास्त पाणी हवे असते. आमचा स्लॅब एप्रिलमध्ये पडला, कारण हप्ता मार्चअखेरीस आला. दोन दिवस पाणी मारले. तिसऱ्या दिवशी आईने घागर वर देण्यास नकार दिला, आणि तिचे बरोबर होते.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी सूचना आहे की घरकुलाच्या रकमेसाठी आपण मोर्चे काढतो, तसेच हप्त्याच्या वेळेसाठीही भांडावे. २०१६ मध्ये पंतप्रधान आवास आली तेव्हा सपाट प्रदेशात एका घराला १ लाख २० हजार रुपये ठरले, त्याखेरीज रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. रक्कम अपुरी आहे यात वाद नाही. पण तीच रक्कम दिवाळीच्या सुमारास हातात आली तर जोते, भिंती आणि स्लॅब थंडीत होतात. तेव्हा विहिरींना पाणी असते, ऊन मऊ असते. मार्चमध्ये आलेला हप्ता सिमेंट जाळतो.

पायाविषयी थोडक्यात. आपल्या वस्त्यांना गावाने दिलेली जागा बहुधा ओढ्याकाठची, खोलगट किंवा काळवटीची असते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि वरचे घर तिच्याबरोबर श्वास घेते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग दिसली की समजावे, दोष भिंतीचा नाही, खालचा आहे. मुरूम लागेपर्यंत खोदावे, आणि खोदलेल्या चरात तीच काळी माती परत ढकलू देऊ नये, मुरूम भरून पाणी मारून चोपावा. जोत्याच्या पातळीला आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावर चारी भिंतींना वळसा घालणारा काँक्रीटचा पट्टा, त्यात दोन सळ्या, कोपऱ्यात न तोडता वळवलेल्या. पेटीला पट्टा आवळावा तसा तो घराला धरून ठेवतो. किल्लारीनंतर बांधलेल्या घरांत हे शिकवले गेले, पण आमच्याकडे अजून ते खर्चाचे लाड समजले जाते. घराभोवती तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी केली तर पावसाचे पाणी पायात मुरत नाही. जोते दोन फूट उंच असले की ओढ्याचे पाणी, साप आणि विंचू यांचाही बराच बंदोबस्त होतो.

आता विजेविषयी. घराला पैसा पुरत नाही म्हणून स्वयंपाकासाठी बाजूला पत्र्याचे शेड काढले जाते, आणि स्लॅबच्या खोलीतून एक वायर त्यात ओढली जाते. खिळ्याला गुंडाळलेली, पत्र्याच्या कडेवरून गेलेली. वाऱ्याने पत्रा हलतो, कड वायर कापते, आणि एक दिवस सगळे शेड जिवंत होते. आमच्या आळीत एका बाईने ओले लुगडे वाळत घालायला पत्र्याला बांधलेली तार धरली. तिच्या सासूने लाकडी पाटाने तिला सोडवले म्हणून ती वाचली. वायर नेहमी प्लास्टिकच्या नळीतून न्यावी. मीटरच्या पुढे तीस मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवावा, बाजारात त्याला आरसीसीबी म्हणतात. आपल्या अंगातून वीज जमिनीकडे जाऊ लागली की डोळ्याचे पाते लवायच्या आत तो प्रवाह तोडतो. दोन-अडीच हजारांच्या आत काम होते. त्याच्या जोडीला अर्थिंग हवे: अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी होते की अर्थिंग नावापुरते उरते. त्या खड्ड्यात आठवड्याला एक बादली पाणी, भांडी धुतलेले चालेल, ओतत जावे.

बिलाचाही प्रश्न आहेच. जुना पंखा ७५ वॉटचा. रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. हल्लीचा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे ११ युनिट. घर आधी थंड केले तर तोही कमी वेगावर पुरतो. आधी चुना, मग खिडकी, मग पंखा, असा क्रम ठेवावा. कुलर शेवटी, कारण त्याला पुन्हा पाणी लागते.

पाण्यावरून आठवले. आमच्या भागात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी २५ चौरस मीटरच्या स्लॅबवरून गळती वजा जाता दहा हजार लिटर पाणी पन्हळीतून वाहून जाते. पहिला पाऊस सोडून द्यावा, नंतरचा टाकीत घ्यावा. चवदार तळ्यापासून आजच्या टँकरच्या रांगेपर्यंत आपल्या पाण्यावर कुणाचा तरी हात राहिला आहे. छपरावर पडणारे पाणी कुणाच्या विहिरीतले नसते.

निगा फार नाही, पण ती तारीख ठरवून करावी लागते. होळीनंतर चुना. मृगाच्या आधी पन्हळीतला कचरा काढणे, कोब्याच्या भेगा सिमेंटच्या पाण्याने बुजवणे, पत्र्याचे आकडी-बोल्ट आवळणे. पत्र्यावर धोंडे ठेवू नयेत. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो तो उडतोच, आणि धोंडा घरात पडतो. छताला तपकिरी रेघ दिसली तर हातोडीने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग स्वतःच पाडावा, सळई तारेच्या ब्रशने घासावी, सिमेंटचा घोळ लावून गिलावा करावा. भिंतीच्या भेगेवर सिमेंटची लहान पट्टी लावून तिच्यावर तारीख कोरावी. सहा महिन्यांनी पट्टी तडकली तर पाया अजून हलतो आहे. न तडकल्यास भेग बुजवून मोकळे व्हावे. आणि ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा काढून पाहावा की घरावर नाव कुणाचे आहे. गायरानावरच्या घराचा पाया कितीही खोल असला तरी तो कागदावर नसतो. नवरा-बायको दोघांची नावे लावून घ्यावीत. योजनेत ती मुभा आहे, आणि आपल्या वस्त्यांत घराबाहेर काढल्या गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

यंदा दिवाळीनंतर आम्ही आईसाठी एक खोली बांधायला घेतली आहे. जुन्या घराच्या दक्षिणेला. गवंडी चांगला माणूस, आमच्याच पाहुण्यांतला. खिडकीची जागा आखताना तो थांबला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तुमचं शिक्षण आहे, पण दक्षिणेला खिडकी नका ठेवू. म्हातारं माणूस आहे घरात." आईने ते ऐकले. ती म्हणाली, "जल्माला आल्यापास्नं त्याच कडंला ऱ्हातो आम्ही. आता तिकडून वारं येऊ दे जरा."

तिची अट दुसरीच होती. खिडकीचा कट्टा एवढा रुंद हवा की तिला मांडी घालून नाही तरी टेकून बसता यावे, आणि शेजारी तांब्या राहावा. गवंड्याने चौदा इंच सांगितले. तिने वितीने मोजून सोळा केले. सोळा इंची शहाबादी फरशी कर्जतला मिळाली नाही. रविवारी नगरला जाऊन आणायची आहे.